स्पीड २८०, तरी मॅच अडखळते: नवा राउटर घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ एका नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर भाड्याचा टू बीएचके. ३०० एमबीपीएसचं फायबर. राउटर हॉलमध्ये मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटावर. प्लेस्टेशन ५ आतल्या बेडरूममध्ये. फोनवर स्पीड टेस्ट २८० दाखवते, पण रात्री नऊच्या सुमारास ऑनलाइन फुटबॉल लावलं की खेळाडू जागच्या जागी गोठतात आणि मग एकदम चार पावलं पुढे दिसतात. सतरा-अठरा हजारांचा गेमिंग राउटर घ्यावा का? आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.

राउटर घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. ठाण्यात आणि नवी मुंबईत घराघरांत केबल ओढण्याचं आणि वायफाय लावण्याचं काम मी पंधराएक वर्षं करतोय. महागडा राउटर आणूनही तक्रार जशीच्या तशी राहिलेली घरं मी इतकी पाहिली आहेत की आता हा प्रश्न आला की आधी विचारतो, "ती स्पीड टेस्ट कुठे उभं राहून केलीत?" उत्तर बहुतेक वेळा "हॉलमध्ये" असंच येतं. राउटरपासून दोन हातांवर. कन्सोल मात्र तिथे नाही.

तुमचा खरा प्रश्न वेगाचा नाहीच. मॅच चालू असताना कन्सोल सेकंदाला काही शे किलोबिट एवढीच देवाणघेवाण करतो. त्यासाठी १० एमबीपीएसची लाइनही पुरून उरते. ३०० चा उपयोग गेम उतरवताना. १०० जीबीचा गेम ३०० वर साधारण पाऊण तासात येतो, १०० वर सव्वादोन तास लागतात. मॅचमध्ये मात्र माहितीचं प्रत्येक छोटं पुडकं, म्हणजे पॅकेट, वेळेवर पोचतंय का, एवढंच महत्त्वाचं. पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, सतत ४० मिलिसेकंद राहिला तर तुम्हाला कळणारही नाही, हाताला सवय होते. पिंग १५ आहे पण दर काही सेकंदांनी १८० वर उडी मारतोय, तर ती लाइन खेळायला निरुपयोगी. स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांची सरासरी काढते, त्यात या उड्या दिसतच नाहीत.

तेव्हा आधी अडतंय कुठे ते शोधायचं. रस्त्याचे तीन टप्पे आहेत: कन्सोल ते राउटर, राउटर ते इंटरनेट कंपनी, आणि कंपनी ते गेमचा सर्व्हर. पहिले दोन तपासायला लॅपटॉप पुरतो. तो कन्सोलच्या शेजारी, त्याच टीव्ही युनिटवर ठेवा. मांडीवर किंवा पलंगावर नको, जागा दोन फूट बदलली तरी आकडे बदलतात. कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो), दुसरीत ८.८.८.८ ला (तो गूगलचा, घराबाहेरचा पत्ता). दोन्ही सतत चालू ठेवा, तेही रात्री नऊलाच. दुपारी तीनला सगळं छानच दिसतं.

राउटरचा पिंग २ ते ५ मिलिसेकंदांवर शांत बसला, कधीतरी एखादाच आकडा वर गेला, तर घरातलं वायफाय ठीक आहे. तो ३, ४, ९०, ३, १४०, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असा नाचत असेल तर दोष घरातच आहे आणि कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करण्यात अर्थ नाही. राउटरचा शांत आहे पण ८.८.८.८ चा उड्या मारतोय, तर दोन शक्यता: बाहेरची लाइन, किंवा घरातच कोणीतरी ती भरून टाकतंय. त्या दुसऱ्या शक्यतेकडे नंतर येतो, कारण तुमच्या "रात्री नऊ"मध्ये मला तिचाच वास येतोय.

तिसऱ्या टप्प्याचं काय करायचं? फारसं काही नाही, पण एक गोष्ट बघून घ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबई परिसरात असेल तर अंतर नगण्य. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात कितीतरी डेटा सेंटर आहेत, म्हणजे तुमच्यापासून खाडीच्या पलीकडेच. पण गेमने तुम्हाला सिंगापूरच्या सर्व्हरवर टाकलं, तर सरळ रेषेतलंच अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद नुसते प्रकाशाच्या चालीचे, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. हे आकडे कुठलाही राउटर कमी करू शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. गेमच्या सेटिंगमध्ये रीजन निवडायची सोय असेल तर ती तपासा आणि पुढे चला.

आता घराकडे. तुमचा टॉवर नवा आहे, म्हणजे बहुधा मिवानचा. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने ओततात, ती पद्धत. अशा घरात आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या किंवा ब्लॉकच्या नसतात, सळयांची जाळी घातलेलं काँक्रीट असतं. खात्री करायची तर भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. कुठेही पोकळ आवाज येत नाही. खिळा तर ठोकूच नका, वाकून परत येईल. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत किंवा वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत दोन भिंती ओलांडूनही ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल (वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) मला उणे ५८-६० मिळतो. तोच राउटर, तेवढंच अंतर, पण मिवानच्या टॉवरमध्ये उणे ७४-७५. हे आकडे डीबीएममध्ये असतात, वायफाय ॲनालायझरच्या कुठल्याही फुकट ॲपमध्ये दिसतात, आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ६५ पर्यंत खेळायला हरकत नाही. उणे ७० च्या पलीकडे गेलात की पॅकेट हरवायला लागतात, पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात, आणि तुमचा बचावपटू गोठतो.

"मग २.४ वर टाकतो, ते भिंतीतून जास्त जातं," असं पुढे कोणीतरी सुचवेलच. जातं, खरं आहे. पण सतराव्या मजल्यावर उभं राहून नेटवर्कची यादी उघडा. स्वतःचं नाव शोधायला खाली सरकावं लागेल. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वायफायचा नियम सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा आहे: माईक एक, बोलणार एका वेळी एकच, बाकीचे थांबणार. फरक एवढाच, की इथे शेजारच्या तीन सोसायट्यांची सभाही त्याच माईकवर चालू आहे. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गोंगाट करतो आणि ब्लूटूथही तिथेच, म्हणजे तुमच्या हातातला कंट्रोलरसुद्धा. म्हणून कन्सोल वायफायवर ठेवायचाच असेल तर ५ गिगाहर्ट्झवर. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि कन्सोलला फक्त ५ चं नाव ओळखीचं ठेवा, नाहीतर तो सिग्नल जरा घसरला की गुपचूप २.४ वर जाऊन बसतो.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल निवडताना मी ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचं घेतो. मधली चॅनेल मोकळी दिसतात, पण तो पट्टा रडारसोबत वाटून घेतलेला आहे. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाने त्याला चॅनेल सोडावंच लागतं, आणि मॅचच्या मध्यात सगळं घर क्षणभर तुटतं. चॅनेलची रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ केलीत तर स्पीड टेस्टचा आकडा पडेल. पडू द्या, शेजाऱ्यांशी टक्कर कमी होते.

वाचणाऱ्यांपैकी इतरांकडे वेगळे कन्सोल असतील, म्हणून ओझरतं सांगतो. प्लेस्टेशन ५ ला वायफाय ६ आहे (हा आकडा वायफायच्या पिढीचा, गिगाहर्ट्झचा नाही). एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस दोन्हींना वायफाय ५. २०१३ चा पहिला प्लेस्टेशन ४ फक्त २.४ वर चालतो, तो असेल तर वायफायचा विचारच सोडा. निन्टेंडो स्विचच्या ओलेड मॉडेलच्या डॉकला केबलचं भोक आहे, पहिल्या स्विचच्या डॉकला यूएसबीचं ॲडॅप्टर लावावं लागतं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, जी तुम्हाला ऐकायची नाहीये: केबल टाका. हे मी आळसाने म्हणत नाही. माझा धंदा वायफायचे डबे विकण्यातून जास्त चालतो, पंधरा मीटर केबलमध्ये मला सुटतात किती? पण केबलमध्ये माईक कोणाशी वाटून घ्यावा लागत नाही. राउटरपर्यंतचा पिंग एक मिलिसेकंदाच्या आत येतो आणि तिथेच राहतो, नऊ वाजोत की बारा.

भोक न पाडता केबल कशी? आधी टीव्हीमागची प्लेट बघा. नव्या टॉवरमध्ये प्रत्येक बेडरूमच्या टीव्ही पॉइंटपर्यंत डिशची किंवा टेलिफोनची पाइप भिंतीतून आलेली असते, आणि आजकाल ती बहुतेक रिकामी पडलेली असते. दोन स्क्रू काढून प्लेट उघडायची, आतली पाइप मुख्य दारावरच्या डब्यात निघते का ते पाहायचं. इलेक्ट्रिशियनकडे लांब स्प्रिंग असते, ती या टोकाने सरकवून त्या टोकाला निघाली की केबल बांधून ओढायची. भिंतीला ओरखडाही नाही, मालकाला सांगायलाही लागत नाही. लाइटच्या तारा असलेल्या पाइपमध्ये मात्र ही केबल घालू नका, वायरमन "काय होत नाय" म्हणाला तरी.

पाइप तुंबलेली निघाली (निघते, कामाच्या वेळचं सिमेंट उतरलेलं असतं), तर चपटी कॅट ६ केबल घ्या. स्कर्टिंगच्या वरच्या कडेने, चिकटपट्टीवाल्या पांढऱ्या पीव्हीसी पट्टीतून न्यायची, बेडरूमच्या दाराखालून आत. चौकट आणि लादी यांच्या फटीत ती बसते, दार तिच्यावरून बंद होतं. घर सोडताना हेअर ड्रायरने पट्टी गरम केली की रंग न उखडता निघते.

केबल तयार मिळते तशी, दोन्ही टोकांना प्लग बसवलेली घ्या. कोणाकडून क्रिम्प करून घेतलीत तर एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. गेल्या वर्षी खारघरला एका घरी गेलो होतो. कॅट ६ केबल, एक गिगाबिटचा राउटर, आणि प्लेस्टेशन ९४ च्या वर जायला तयार नाही. प्लग उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आत फक्त चार तारा दिसत होत्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळ्या आणि तपकिरी जोड्या मागे दुमडून टेपखाली दडवलेल्या. जोडणीला आलेल्या पोराने वेळ वाचवला होता. चार तारांवर लाइन १०० ला अडकते, गिगाबिटला आठही लागतात. पाच मिनिटांत नवा प्लग मारला. खेळायला १०० सुद्धा पुरतं हे खरं, पण पैसे आठ तारांचे दिलेत. दुसरं, स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ती पाइपमधून ओढताना तुटते. लॅमिंग्टन रोडला गेलात तर "प्युअर कॉपर" असं विचारून, पॅकवर लिहिलेलं वाचून घ्या. हातात धरल्यावर वजनातच फरक कळतो.

इथवरचं थोडक्यात: लॅपटॉप कन्सोलशेजारी, दोन पिंग, वेळ रात्री नऊ. राउटरचाच पिंग नाचतोय तर केबल, आणि केबल जमेपर्यंत ५ गिगाहर्ट्झ.

केबल अजिबातच शक्य नसेल तर दोन डब्यांचा मेश, म्हणजे एकच वायफाय एकमेकांकडून पुढे नेणारे डबे, चालेल, पण तो नीट लावलेला असला तर. दुसरा डबा बेडरूममध्ये कन्सोलशेजारी ठेवणं ही नेहमीची चूक. तिथे सिग्नलच मेलेला असतो, डबा तो मेलेला सिग्नलच पुढे देतो. तो पॅसेजमध्ये ठेवा, जिथून एका बाजूला हॉलमधला राउटर आणि दुसऱ्या बाजूला बेडरूमचं दार दिसतं, म्हणजे सिग्नल भिंतीऐवजी उघड्या दारातून जातो. तिथून कन्सोलपर्यंत तीन-चार मीटरची केबल गेली तर उत्तम. प्लगमध्ये खोचायचे हजार-दीड हजारांचे एक्स्टेंडर मात्र टाळा. तोच रेडिओ ऐकतो आणि तोच बोलतो, वेग निम्मा होतो आणि पिंग हेलकावतो. विजेच्या तारांतून नेट नेणारे ॲडॅप्टर मी दोन-तीन घरांत लावून पाहिले. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की पिंग उडायचा. परत काढले.

चपलांच्या कपाटाबद्दल: राउटर तिथून उचला. ते लोखंडी असेल तर आजच. माशांच्या टाकीमागे ठेवलेला राउटरही मी पाहिलाय, पाणी सिग्नल पिऊन टाकतं. टीव्ही युनिटवर, उघड्यावर, छातीच्या उंचीला ठेवला की अर्ध्या घरांची तक्रार तिथेच मिटते. त्यासाठी मी व्हिजिटचे पैसे घ्यायला लाजतो.

आता रात्री नऊची गोष्ट. नेरूळला एका घरी असाच लॅग, रोज पावणेनऊ ते साडेनऊ. मुलाचं म्हणणं, सगळी इमारत तेव्हा नेट वापरते. होऊही शकतं, फायबरची एक लाइन फाटे फुटून ३२ किंवा ६४ घरांत जाते. मी पिंग लावून बसलो. आठचा आकडा, आठ, नऊ, आठ. पावणेनऊला बेल वाजली, वडील कामावरून आले, बूट काढले, फोन चार्जिंगला लावला. दोन मिनिटांत पिंग २१०. फोन चार्जिंगला लागला आणि वायफाय मिळालं की दिवसभरातले साइटचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात करायचा, आणि त्या लाइनचा अपलोड होता फक्त २० चा.

हे असं का होतं? तुमच्या टॉवरची लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. कोणीतरी फ्लॅटमध्ये शिफ्ट होतंय, मजूर कपाट-गाद्या भरतायत, आणि तुमच्या हातात फक्त दुधाची पिशवी आहे. पिशवी छोटी म्हणून तुमचा नंबर आधी लागत नाही. मॅचचं पॅकेट ती दुधाची पिशवी. राउटर आणि फायबरचा डबा आपल्या पोटात मोठी रांग साठवतात, काहीही फेकायला नको म्हणून, आणि त्या रांगेत पॅकेट ताटकळतं. याला बफरब्लोट म्हणतात. केबल टाकली तरी हे जाणार नाही, हे नीट लक्षात घ्या. तपासायला ८.८.८.८ चा पिंग चालू ठेवून फोनवरून एक मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. आकडा ८ वरून ३० वर गेला तर ठीक, २०० वर गेला तर आजार सापडला.

उपाय दोन. फुकटचा: फोनचं फोटो बॅकअप रात्री दोननंतर, सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग कमी दर्जावर, गेमची अपडेट कन्सोल रेस्ट मोडमध्ये असताना. दुसरा: ज्या राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय आहे तो घेणं. त्यात मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधायची, म्हणजे अपलोड मोजून ४० येत असेल तर ३५. रांग मग कंपनीच्या डब्यात न साठता तुमच्या राउटरमध्ये राहते आणि तो दुधाच्या पिशवीला आधी सोडतो. अठरा हजारांच्या खोक्यावरचा "गेमिंग मोड" हा बऱ्याचदा याच कामाचा सौम्य प्रकार असतो, आणि हे काम तीन-चार हजारांचा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं फुकट सॉफ्टवेअर) चालणारा राउटरही करतो. फक्त ३०० च्या लाइनला त्याचा प्रोसेसर पुरतो का ते विचारून घ्या, हलक्या राउटरला तेवढा भार झेपत नाही.

अजून दोन बारीक गोष्टी. तुम्ही नवा राउटर घेऊन कंपनीच्या वायफायवाल्या डब्यामागे लावलात तर दुहेरी नॅट होतं, म्हणजे घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचं काम दोन डबे एकामागोमाग करतात. कन्सोलवर नॅट टाइप ३ किंवा "स्ट्रिक्ट" दिसतं आणि मित्रांशी पार्टीत आवाज तुटतो. आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका (मग तो फक्त वायफाय देतो), किंवा कंपनीला त्यांचा डबा ब्रिज करायला सांगा (मग तो लाइन नुसती पुढे देतो). हे करूनही नॅट सुधारलं नाही तर राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवलंय; पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता, मागा, बहुतेक जागी थोडे जास्त पैसे घेऊन देतात. आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा पण सुरळीत हलत असेल, ऑफलाइन सामन्यातसुद्धा, तर नेटला शिव्या देऊ नका. टीव्हीवर गेम मोड चालू करा. चित्र सजवण्यात टीव्ही शंभरेक मिलिसेकंद सहज खातात. तुमचं वर्णन वाचून तुमच्याकडे हा प्रकार वाटत नाही, पण दोन बटणांचं काम आहे.

पावसाळ्यात एकदम सगळंच बिघडलं तर तो वेगळा विषय. फायबरला पावसाने फरक पडत नाही, गच्चीवरून लोंबकळत आलेल्या केबलच्या जोडात पाणी शिरलं की पडतो. डब्यावर लाल दिवा दिसला की राउटरची सेटिंग उचकत बसू नका, लाइनमनला बोलवा.

खर्चाचा अंदाज: पट्टी आणि वीस मीटर केबल धरून हजारभर रुपयांत होईल, इलेक्ट्रिशियनची मजुरी वेगळी. एवढं करून बघा आणि रात्री नऊचे दोन्ही पिंगचे आकडे इथे टाका, जमलं तर पाचेक मिनिटांचे. सोबत दोन गोष्टी कळवा: तुमच्या प्लॅनचा अपलोड किती, आणि बेडरूममधली टीव्हीची प्लेट उघडल्यावर पाइप रिकामी निघाली का.